कुंडीतलं झाड का मरतं? नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

(पुण्यात सप्टेंबर महिन्यात झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. प्रात्यक्षिकाच्या जागी कंसात टिपा दिल्या आहेत. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि उत्तरं आहेत.)

आजचा विषय साधा आहे. घरात चार कुंड्या ठेवून भाजी, फुलं, औषधी पानं कशी लावायची? पण त्याआधी एक प्रश्न विचारतो. इथे किती जणांच्या घरी रिकामी कुंडी पडलेली आहे? हात वर करा. (बहुतेकांनी हात वर केले. हशा.) बघा, सगळ्यांकडे आहे. त्या कुंडीत एकेकाळी काहीतरी होतं. गुलाब असेल, कढीपत्ता असेल, कुणी वाढदिवसाला दिलेलं रोप असेल. ते गेलं, कुंडी राहिली, आणि आपण स्वतःला सांगून टाकलं की माझ्या हाताला गुण नाही. शेजारच्या काकूंनी काडी खोचली तरी फुटते, आपण मात्र नर्सरीतून आणलेलं रोप महिन्याभरात घालवतो.

ही हाताच्या गुणाची समजूत आज मला मोडायची आहे. कारण माणूस एकदा असं म्हणाला की तो पुन्हा झाड लावत नाही, आणि झाड नेमकं कशानं गेलं याची चौकशी तर कधीच करत नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं. झाड तहानेनं मेलेलं नसतं, ते गुदमरून मेलेलं असतं.

मुळांनाही श्वास लागतो

शाळेत आपण शिकतो की झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन सोडतात. हे झालं उजेडातल्या पानांचं. मुळं अंधारात असतात, त्यांना प्रकाशसंश्लेषण करता येत नाही. त्यांना तुमच्या-आमच्यासारखा ऑक्सिजन घ्यावा लागतो. तो मिळतो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून. चांगल्या मातीत काही पोकळ्यांत पाणी असतं आणि काहींत हवा. सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की ऑक्सिजन मुळांपर्यंत पोचणं जवळजवळ थांबतं, कारण हवेपेक्षा पाण्यातून तो सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो.

मग काय होतं? मुळं काम करायचं थांबवतात. पाणी ओढून वर पाठवणं हे मुळांचं काम, तेच बंद पडतं. भोवती पाणीच पाणी असताना पानांना पाणी मिळत नाही आणि पानं माना टाकतात. आता आपण काय करतो? पानं मलूल झालेली दिसली की, अरेरे, पाणी कमी पडलं वाटतं, असं म्हणून आणखी एक तांब्या ओततो. दुसऱ्या दिवशी झाड आणखी मलूल. पुन्हा तांब्या. तोवर मुळं कुजू लागलेली असतात, ओल्या मातीतल्या बुरशीला आयतं खाद्य मिळालेलं असतं. आठ-दहा दिवसांत खेळ संपतो. आणि आपण म्हणतो, रोज न चुकता पाणी घालत होतो हो, तरी गेलं!

तेव्हा पहिला नियम लिहून घ्या. पान मलूल दिसलं की आधी मातीत बोट घाला. वरून दोन पेरं आत बोट गेलं आणि माती कोरडी लागली, तर झाडाला तहान आहे. ओली लागली, तर तांब्या खाली ठेवा. कुंडी सावलीत सरकवा, खालचं भोक बुजलंय का बघा, आणि दोन-तीन दिवस काही करू नका.

जमिनीत नसलेली अडचण

आता कुणी म्हणेल, पावसाळ्यात जमिनीवर चार महिने पाणी पडतं, तिथली झाडं कशी जगतात? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कुंडी म्हणजे जमिनीचा छोटा तुकडा, असं आपण धरून चालतो. तसं ते नाही. जमिनीत मातीखाली माती असते. वरचं पाणी खालची माती ओढून घेते, तिच्याकडून त्याखालची. कुंडीत मात्र मातीखाली एकदम हवा आहे. पाण्याला खाली ओढणारं कुणी नाही. शेवटचा थर पाणी धरून बसतो, भोक असलं तरी.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून करून दाखवतो.

(व्याख्यात्यांनी भांडी घासायचा जाड आयताकृती स्पंज बादलीत बुडवला आणि आडवा धरला. थोडं पाणी गळून थांबलं. मग तोच स्पंज न पिळता उभा धरला. पुन्हा पाणी गळू लागलं.)

बघितलंत? स्पंज तोच, पाणी तेच, मी पिळलं नाही. आडवा होता तेव्हा गळायचं थांबलं होतं. उभा केल्यावर पुन्हा गळालं, कारण पाण्याचा स्तंभ उंच झाला आणि वरच्या पाण्याच्या भारानं खालचं पाणी सुटलं. आता खाली हात लावून बघा, खालची कड अजून चिंब आहे आणि वरची बाजू फक्त दमट आहे. प्रत्येक कुंडीत हेच चाललेलं असतं. तळाशी चिंब पाण्याचा थर उरतोच. त्याची जाडी मिश्रण किती बारीक आहे यावर ठरते, कुंडी किती उंच आहे यावर ठरत नाही.

समजा तो थर ४ सेंटिमीटरचा आहे. कुंडी १० सेंटिमीटर खोल असेल, तर जवळजवळ निम्मी कुंडी मुळांच्या कामाची नाही. कुंडी ३० सेंटिमीटर खोल असेल, तर २६ सेंटिमीटर मोकळी उरते. म्हणून उथळ कुंडीत झाडं लवकर कुजतात. आणि म्हणूनच नव्या माणसानं पहिली कुंडी खोल घ्यावी.

यातूनच आपल्याकडच्या एका जुन्या सवयीचा निकाल लागतो. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे, खडी, खापऱ्या यांचा जाड थर घालायची पद्धत आहे. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. माती पूर्ण चिंब झाल्यावरच ते खाली पडतं. म्हणजे चिंब थर होता तेवढाच राहतो, फक्त खडीच्या वर येऊन बसतो. २५ सेंटिमीटरच्या कुंडीत ५ सेंटिमीटर खडी घातलीत, तर मुळांची ५ सेंटिमीटर जागा तुम्ही स्वतःच काढून घेतलीत. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ठेवा, तेवढं पुरे. बाकी सगळी कुंडी मिश्रणानं भरा.

मग भरायचं काय?

पुण्याच्या आसपास, मराठवाड्यात, विदर्भात काळी माती सहज मिळते. शेताला ती सोन्यासारखी. कुंडीत मात्र ती तापदायक ठरते. भिजली की फुगते, पोकळ्या बंद होतात. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते, भेगा पडतात आणि घातलेलं पाणी कडेनं सरळ खाली निघून जातं. मग वरून पाणी घातल्याचं समाधान आणि आतला गोळा कोरडा.

सुरुवातीला हे मिश्रण धरा. एक घमेलं लाल किंवा पोयट्याची माती, एक घमेलं कोकोपीट, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, गांडूळखत किंवा घरचं कंपोस्ट. मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. माती चिकट असेल तर ती कमी करा आणि थोडी जाड वाळू किंवा भाताचं तूस मिसळा. खात्री कशी करायची? मिश्रण ओलं करा, मुठीत दाबा, मूठ उघडा. गोळा झाला पाहिजे, पण बोटानं टिचकी मारताच फुटला पाहिजे. फुटला नाही तर माती जास्त आहे. गोळाच झाला नाही तर पाणी टिकणार नाही, खत वाढवा.

कोकोपीटबद्दल दोन गोष्टी. ते विटेच्या आकारात दाबून मिळतं. ५ किलोची वीट पाण्यात भिजवली की फुगून ६०-७० लिटर होते, तेव्हा आख्खी वीट छोट्या बादलीत टाकू नका. (हशा.) दुसरं, नारळाच्या काथ्यात क्षार असू शकतात. म्हणून ते एक-दोनदा भिजवून, पिळून, पाणी टाकून मगच वापरा. आणि एकटं कोकोपीट कधीच भरू नका. ते पाणी धरतं, पण त्यात अन्न जवळजवळ नसतं.

आपल्याकडे ज्यांनी गच्चीवर भाजी पिकवून दाखवली, त्यांनीही मातीवर फार भर दिलेला नाही. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडात गच्चीवरची शेती करून लोकांना शिकवली. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं पालापाचोळ्यातून थोड्या जागेत सकस माती घडवण्याचा विचार महाराष्ट्रभर नेला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास बाग सुरू केली. तिच्यामागे स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं काय करायचं, हा रोजचा प्रश्न होता. या सगळ्यांच्या कामात समान काय आहे? हलकं, हवा खेळती ठेवणारं, कुजलेल्या पालापाचोळ्याचं भरण. म्हणजे पुन्हा हवाच.

वजनाचा हिशोब

हलक्या मिश्रणाचं आणखी एक कारण आहे, आणि इथे मी थोडा गंभीर होतो. बाग इमारतीवर असते. एक १२ इंच रुंद आणि १२ इंच उंच ग्रो बॅग घ्या. तिच्यात साधारण २२ लिटर मिश्रण बसतं. ती नुसत्या मातीनं भरून भिजवलीत, तर वजन ४० किलोच्या घरात जातं. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे दोन भरलेले जार. आत्ता सांगितलेलं मिश्रण भरलंत, तर पंचविसेक किलो.

आता आख्ख्या गच्चीचा विचार करा. भारतीय मानक ८७५ मध्ये लोकांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो भार धरतात. कुणी स्लॅबवर विटांची कड करून फूटभर माती पसरली आणि ती भिजली, तर दर चौरस मीटरला ५०० किलोच्या वर जातं. तिप्पट-चौपट. इमारत जुनी असेल, सळ्या गंजल्या असतील, तर हे प्रकरण नुसत्या गळतीवर थांबेलच असं नाही.

म्हणून स्लॅबवर थेट माती कधीच पसरू नका. जड कुंड्या मध्यावर गोळा न करता कडेला, खाली तुळई किंवा भिंत असेल तिथे ठेवा. बाहेर लटकलेल्या बाल्कनीत टोकाला जड कुंड्यांची रांग लावू नका, घराच्या भिंतीलगत ठेवा. कठड्यावर कुंडी ठेवूच नका. खालून कुणाचं तरी मूल चाललेलं असतं. आणि पाच-दहा कुंड्यांच्या पुढे जाऊन आख्खी गच्ची करायची असेल, तर आधी सोसायटीची परवानगी घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

ऊन मोजा, मग रोप निवडा

बहुतेक लोक आधी रोप आणतात आणि मग जागा शोधतात. उलट करा. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ पासून संध्याकाळी ६ पर्यंत दर तासाला बाल्कनीत डोकावा आणि थेट ऊन कुठे, किती वेळ पडतं ते कागदावर लिहा. रोज सहा तासांच्या आसपास ऊन असेल तर टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, गुलाब. तीन-चार तास असेल तर मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना. त्याहून कमी असेल तर भाजीचा हट्ट सोडा. मनीप्लँट, स्नेक प्लँट ही मंडळी तिथे आनंदानं राहतात.

ऊन ऋतूप्रमाणे सरकतं हेही लक्षात ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येतं आणि उत्तरेच्या बाल्कनीत थेट ऊन येतच नाही. पश्चिमेच्या बाल्कनीतलं एप्रिल-मे महिन्यातलं तीन वाजताचं ऊन मात्र कोवळ्या रोपाला भाजून काढतं. काळी प्लॅस्टिकची कुंडी त्या उन्हात इतकी तापते की कडेची मुळं करपतात. तेव्हा कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा आणि बाहेरच्या रांगेला ओलं गोणपाट गुंडाळा.

कुंडी कशाची, हा प्रश्न नेहमी येतो. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, लवकर वाळते. ज्यांना सारखं पाणी घालायची सवय आहे, त्यांनी मातीची घ्यावी. प्लॅस्टिकची कुंडी किंवा ग्रो बॅग हलकी असते आणि पाणी जास्त वेळ धरते. जे पाणी घालायला विसरतात, त्यांनी ती घ्यावी. थोडक्यात, कुंडी निवडताना आपला स्वभाव बघा. (हशा.) रंगाची २० लिटरची बादली, जुना टब, तेलाचा डबा, काहीही चालतं. स्वच्छ धुवा, तळाला चार-पाच भोकं पाडा आणि दोन विटांवर ठेवा, म्हणजे भोकं मोकळी राहतात.

पहिल्या हंगामाला चार गोष्टी पुरेत

आता दसरा जवळ आलाय. पाऊस ओसरतोय, ऊन सोसवेल असं होईल. नवशिक्यासाठी आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारीइतका चांगला काळ दुसरा नाही. मे महिन्यात सुरू करणारा उन्हाशी झगडतो, जुलैत सुरू करणारा चिखलाशी. तुम्ही मोक्यावर आला आहात. पण गुलाब, टोमॅटो, लिंबू सगळं एकदम आणू नका. पहिल्या हंगामाला या चार गोष्टी.

पहिली, मेथी. सहा इंच खोल टब किंवा फळांचा क्रेट जाळी लावून भरा. घरातले मेथीदाणे रात्रभर भिजवून पसरा, वर अर्धा सेंटिमीटर मिश्रण टाका. तीन-चार दिवसांत उगवते, महिनाभरात भाजी. उथळ टबातही ती चालते, कारण मूळ कुजायला लागेपर्यंत ती आपल्या ताटात आलेली असते.

दुसरी, पुदिना. बाजारातून जुडी आणा, पानं चटणीला वापरा, जाड काड्या पाण्यात ठेवा. आठवडाभरात मुळं फुटली की लावा. याला वेगळी कुंडी द्या, दुसऱ्याच्या कुंडीत तो घर करतो आणि मूळ मालकाला बाहेर काढतो.

तिसरा, गवती चहा. मुळासकट एक फुटवा मिळाला की पुरे. याच्याकडे दुर्लक्ष करायलाही जमतं.

चौथी, मिरची. ही खरी परीक्षा. बी पेरत बसू नका, नर्सरीतून दोन तयार रोपं घ्या. प्रत्येकीला निदान १० लिटरची स्वतंत्र कुंडी. संध्याकाळी लावा, चार दिवस सावलीत ठेवा, मग उन्हात.

कोथिंबिरीचं एक सांगतो, कारण तिच्यापायी खूप जण निराश होतात. आख्खा धना म्हणजे जोडफळ असतं, आत दोन बिया. हलक्या हातानं रगडून त्याच्या दोन डाळी करा, रात्रभर भिजवा. तरी उगवायला आठ-दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. पाचव्या दिवशी उकरून बघू नका.

पाणी आणि खत

पाणी घालायचं ते पोटभर. रोज अर्धा कप घातलात तर वरचा थर ओला आणि खालची मुळं कोरडी. तळातून पाणी वाहेपर्यंत घाला आणि पुन्हा बोट कोरडं लागेपर्यंत थांबा. काही दिवसांनी बोटाचीही गरज उरत नाही. कुंडी एका बाजूनं किंचित उचला, हलकी लागली की वेळ झाली. शेजारच्या काकूंच्या हाताला जो गुण आहे ना, तो बहुधा हाच. रोज कुंड्या हलवून, माती चाचपून त्यांच्या हाताला वजन कळायला लागलेलं असतं.

कुंडीखालच्या बशीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. मुळांसाठी तर हवंच, पण त्याहून मोठं कारण आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं महापालिका सांगतात, त्यात बश्याही येतात. बशी नुसती ओतू नका, घासून कोरडी करा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

आरओच्या मशीनमधून फेकलं जाणारं पाणी झाडांना घालू का, असं विचारतात. त्यात क्षार एकवटलेले असतात. कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरली तर समजा क्षार साठले. ते पाणी फरशी पुसायला वापरा.

खताचं गणित असं आहे. दर वेळी तळातून वाहणाऱ्या पाण्याबरोबर थोडं अन्नही जातं. जमिनीत मूळ लांब जाऊन शोधेल, इथे भिंत आहे. म्हणून दर १५-२० दिवसांनी मूठभर गांडूळखत किंवा कंपोस्ट वरून मिसळा. एकदम ओंजळभर नको.

आणि स्वयंपाकघरातला कच्चा कचरा थेट कुंडीत टाकू नका. केळ्याची सालं, भाजीची देठं कुंडीत कुजताना चिलटं येतात, मुळांच्या वाटचा ऑक्सिजन तिथेच संपतो, आणि कुजवणारे जीवाणू काही काळ मातीतलं नत्रही ओढून घेतात. तो कचरा वेगळ्या भोकं पाडलेल्या डब्यात, सुक्या पानांबरोबर थर देऊन दोन-तीन महिने कुजवा. काळं, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारखा वास आला की ते खत. चहाचा चोथा घालायचा तर आधी धुवा, आपल्या चहात दूध-साखर असते. नाहीतर मुंग्यांना आमंत्रण.

श्रोत्यांचे प्रश्न

*आमची बाल्कनी उत्तरेची आहे. भाजी होणारच नाही का?*

काकू, हिवाळ्यात फळभाजी होणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा तुमच्याकडे ऊन येतं. पण त्यातला बराच काळ ढगांचा. समोर मोकळं आकाश असेल आणि उजेड चांगला असेल तर पुदिना, पानओवा लावून बघा. वेग कमी असेल, आणि पाणीही कमी लागेल हे विसरू नका. सावलीत कुंडी सावकाश वाळते.

*मिरचीची पानं वाकडी होऊन गोळा होतात. काय करावं?*

त्याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात. फुलकिडे आणि कोळी पानातला रस शोषतात, काही वेळा विषाणूही असतो. पानाच्या पाठीमागे रोज बघायची सवय लावा. सुरुवात असेल तर पाण्याची जोरदार फवारणी करा. मग लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा. नवीन पानंही वाकडीच येत राहिली तर रोप उपटून टाका. एका रोपाच्या मायेपायी बाकीची जातात.

*दिवाळीत दहा दिवस गावाला जायचं असतं. शेजाऱ्यांना रोज सांगता येत नाही.*

कुंड्या सावलीत एकत्र आणा, वर सुक्या पानांचा दोन इंच थर द्या, निघायच्या दिवशी पोटभर पाणी. मग मध्ये पाण्याची बादली उंचावर ठेवा, सुती कापडाच्या जाड वाती करा, ओल्या करून एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं कुंडीत चार बोटं खोल. बादलीवर झाकण किंवा कापड बांधा, डासांसाठी. पण निघायच्या आधी आठवडाभर घरीच करून बघा, म्हणजे वात किती पाणी ओढते ते कळेल.

*वरच्या मजल्यावर कुंड्या आहेत आणि आमच्या छताला ओल येते. सोसायटीत भांडण लागलंय.*

आजोबा, दोन्ही बाजूंनी बघू. कुंडी थेट फरशीवर असली की तिच्याखाली सतत ओल राहते, ती विटांवर किंवा स्टँडवर हवी. गच्चीवरची पाणी जायची जाळी पानं-मातीनं तुंबलेली असते, ती दर आठवड्याला साफ व्हायला हवी. कुंडीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ, वड, उंबर उगवतात, ते बोटाएवढे असतानाच उपटा, त्यांची मुळं भेगांत शिरतात. एवढं करूनही ओल राहिली तर दोष वॉटरप्रूफिंगचा असू शकतो. आठ दिवस कुंड्या बाजूला काढून जागा कोरडी ठेवा आणि ओल कमी होते का ते दोन्ही घरांनी मिळून बघा. मग भांडायचं असेल तर मुद्द्यावर भांडा. (हशा.)

*माझी तीन रोपं ओळीनं गेली. चौथं आणू का?*

जरूर आणा, पण आधी तिसऱ्याची कुंडी उलटी करा. मातीचा गोळा बाहेर काढा आणि मुळं बघा. पांढरी, टणक मुळं असतील तर दुखणं दुसरीकडे आहे, ऊन किंवा कीड. मुळं तपकिरी, मऊ, वास मारणारी असतील तर ती गुदमरली. मुळं कोरडी, ठिसूळ आणि माती दगडासारखी असेल तर तहानली. हे बघायला पाच मिनिटं लागतात. ती माती फेकू नका. उन्हात चांगली वाळवा, निम्मं नवं कोकोपीट आणि खत मिसळा, आणि दसऱ्यानंतर त्यातच मेथी पेरा.